काकाजींचे तळपाय

नागपुरातली एखादी इमारत स्वच्छ ठेवायला किती खर्च येईल, हे ती बांधणाऱ्याला ठाऊक नसतं, विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि तिच्यात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याला तर मुळीच ठाऊक नसतं. ते फक्त आमच्या काकाजींच्या तळपायांना ठाऊक असायचं. घरची सून म्हणून मी हे वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर फरशी त्यांच्याशी बोलायची असं लिहिलं असतं. तसं काही नव्हतं. ते दारात बूट काढायचे, मोजे काढून बुटात कोंबायचे, पॅन्टची घडी वर करायचे आणि पाण्यात उतरल्यासारखे हळूहळू आत शिरायचे. परत येईपर्यंत त्या जागेचं सगळं त्यांना कळलेलं असायचं. कोण कुठे चहा सांडतो, कोणत्या टेबलाखाली डबा खातात, कोणत्या कोपऱ्यात झाडू पोचत नाही, सगळं.

काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. पारशिवनीकडच्या खेड्यातून तरुणपणी नागपूरला आले. आधी एक दुकान झाडायचे, मग चार दुकानं, मग हाताखाली बाया घेऊन बँका, ऑफिसं, शिकवणी वर्ग साफ ठेवायचं काम घ्यायला लागले. माझं लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे बारा बाया होत्या. मी तेरावी. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की दाराआड सरकणारी. घरात सगळ्यांना माझ्या या स्वभावाची काळजी होती, काकाजींना मात्र तो फार पसंत पडला. "बोलणारी बाई पाहते कमी," ते म्हणाले, आणि नवीन काम घ्यायचं असलं की मला सोबत न्यायला लागले. नवीन काम घ्यायला जाण्याला ते 'जागा पाह्यला जाणे' म्हणायचे. मुलगी पाहायला जातात तसाच थाट असायचा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर धुतलेला दुपट्टा, आणि पसंती ठरेपर्यंत तिथला चहा घ्यायचा नाही. माझं काम एकच. त्यांचे बूट कापडी पिशवीत घालून मागे मागे चालायचं.

सुरुवातीला मला एकच कोडं पडायचं. दोन ऑफिसं अगदी सारखी दिसायची, तेवढ्याच खोल्या, तशीच पांढरी फरशी, मग काकाजी एकाला इतका आणि दुसऱ्याला त्याच्या दीडपट भाव कसा सांगतात? विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी नुसती पाहायची. पाहता पाहता थोडं थोडं कळायला लागलं. एकदा एका विम्याच्या ऑफिसात साहेब मोठ्या अभिमानाने सांगत होते की आमच्याकडे टेबलावर कोणी जेवत नाही, त्यासाठी खाली वेगळी खोली आहे. काकाजी 'हो, हो' करत चालत होते. एका टेबलापाशी थांबले, अंगठा फरशीवर दोनदा फिरवला आणि म्हणाले, "सावजी रस्सा आहे. परवाचा असन." त्या टेबलावरचा कारकून खाली वाकून उगीच ड्रॉवर शोधायला लागला. साहेबांचा चेहरा पडला, आणि भाव तिथल्या तिथे वाढला. तेलाचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला साबण लागतो, घासायला हात लागतो, हाताला वेळ लागतो. हे मला ठाऊक होतं, कारण घासणारी मीच असायची. पण तो वेळ आधीच पायाने मोजता येतो, हे ठाऊक नव्हतं.

पाण्याचंही तसंच. जागा पाहताना ते न्हाणीघरात जाऊन नळाचं पाणी ओंजळीत घ्यायचे आणि चाखायचे. एका बँकेतल्या मॅनेजरांना वाटलं म्हाताऱ्याला तहान लागली, त्यांनी धावत थंड पाण्याची बाटली मागवली. काकाजींनी बाटली बाजूला ठेवली. "हे तुमचं प्यायचं पाणी आहे साहेब, मले तुमचं धुवायचं पाणी पाहू द्या." बोअरचं पाणी खारट असलं की नळांवर, काचांवर, भांड्यांवर पांढरे डाग धरतात, रोज पुसलं तरी धरतात, आणि मग महिन्याभराने साहेबच ओरडतात की बाया कामचुकार आहेत. म्हणून खाऱ्या पाण्याचा भाव वेगळा. आणि नळ कोणत्या माळ्यावर आहे हेही ते विचारायचे. लिफ्ट असली तरी बकेट घेऊन बाईला लिफ्टमध्ये चढू देतात का, हे तर आधी विचारायचे. 'लिफ्ट आहे' असं सगळेच सांगतात. 'चढू देता का' म्हटलं की निम्मे जण इकडे तिकडे पाहायला लागतात.

खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी खाऊन थुंकणाऱ्यांचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड. आपल्या नागपुरात हा प्रश्न विचारल्याशिवाय साफसफाईचा भाव सांगणारा माणूस एक तर बाहेरगावचा असेल नाही तर मूर्ख, असं काकाजींचं मत. ते थेट मोठ्या साहेबांनाच विचारायचे, "साहेब, तुमच्याकडे खर्रा किती जण खाते?" एकदा एक साहेब म्हणाले, "कोणीच नाही," पण ते बोलताना गाल एका बाजूने फुगलेला होता आणि शब्द सुपारीच्या भुशातून येत होते. काकाजी अगदी नम्रपणे म्हणाले, "बरं, मग एक धरतो." खाली उतरताना जिन्याच्या वळणावरच्या कोपऱ्यात, कुंडीच्या मागे, खिडकीच्या चौकटीत त्यांनी मला एकेक लाल नक्षी दाखवली. "साहेब एकटेच खाते म्हणते, पण त्याहिले तोंडं पाच आहेत वं."

खुर्च्या मोजायचे, माणसं मोजायचे नाहीत. माणूस उठून जातो, खुर्ची हलवावी लागते. बाहेरच्या झाडाचं पान तोडून बोटाने पुसून पाहायचे, म्हणजे रस्त्यावरून किती धूळ आत येते ते कळतं. समोर पूल बांधत असले की म्हणायचे, "पुलाचा भाव वेगळा, पूल झाला की कमी करू," आणि खरंच कमी करायचे. बाया सकाळी जातील की ऑफिस सुटल्यावर, हे विचारायचे, आणि ऑफिस सुटल्यावर म्हटलं की परतीच्या बसची वेळ विचारायचे. काच किती उंच आहे हे पाहायला खांद्यावरचा दुपट्टा वर फेकायचे. दुपट्टा एकदा एका शोरूमच्या झुंबरात अडकला आणि तो काढायला शिडी आणावी लागली. काकाजी शांतपणे म्हणाले, "पाह्यलं? शिडी लागते. शिडीचे पैसे वेगळे."

आणि एक गोष्ट ते कोणालाच सांगायचे नाहीत, मला खूप वर्षांनी सांगितली. जागा दाखवताना साहेब आपल्या चपराशाशी कसं बोलतो, ते कान देऊन ऐकायचे. 'ए' म्हणून हाक मारली की थोडा भाव वाढला. नाव घेऊन मारली की नाही. "जो त्याले ए म्हणते, तो तुमाले काय म्हणन?" असं त्यांचं गणित. ज्या दोन-तीन जागी आम्हाला खूप बोलणी खावी लागली तिथे पगार जास्त का होता, ते मला तेव्हा समजलं.

आता मोठमोठ्या कंपन्या आल्या आहेत. एकदा एका जागी आमच्याच वेळेला टाय घातलेला एक माणूस आला होता. त्याने हातातलं छोटंसं यंत्र भिंतीवर धरलं, लाल ठिपका पडला, आणि एका मिनिटात तो स्क्वेअर फुटाचा भाव सांगून मोकळा झाला. काकाजी अजून मोजेच काढत होते. त्या माणसाने हसून विचारलं, "काकाजी, तुम्ही फुटाला किती घेता?" काकाजी मोजा हातात धरून म्हणाले, "फूट कोणी पुसते का गा? पुसतात ते घाण." ते काम त्या यंत्राला मिळालं, आम्हाला नाही. येताना काकाजी बसमध्ये खिडकीशी बसले आणि म्हणाले, "यंत्र चांगलं होतं. पण त्याले मोजे नव्हते." मला फार हसू आलं, पण सासऱ्यासमोर मोठ्याने हसायचं नाही म्हणून पदर तोंडाशी धरला. ते पाहून तेच हसले.

भाव सांगायची त्यांची जागा ठरलेली. वर साहेबाच्या खोलीत कधीच सांगायचे नाहीत. साहेबाला बोलत बोलत खाली आणायचे, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून सांगायचे. तोवर सगळे माळे पायाखालून गेलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. आणि एकदा सांगितला की सांगितला. वर नाही, खाली नाही. साहेब घासाघीस करू लागले तर ते नुसते पायरी उतरायचे. आणि स्वतःची चूक झाली असली तरी तो भाव बदलायचे नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका बँकेत अशी चूक झाली. वरच्या माळ्यावरचे नळ चालू आहेत असं धरून त्यांनी भाव सांगितला, आणि काम सुरू झाल्यावर कळलं की नळ नुसते शोभेचे आहेत, पाणी खालून न्यावं लागतं. त्या पैशात तीन बाया बसत होत्या, काम चौघींचं होतं. दुसरा कोणी असता तर साहेबाशी भांडला असता किंवा तिघींना राबवलं असतं. काकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी पॅन्ट वर करून चौथी बाई म्हणून हजर झाले. ठेका संपेपर्यंत रोज पोछा मारला. आमच्यातली वत्सलाबाई त्यांना म्हणाली, "काकाजी, लाज वाटते ना बाप्पा, तुमी काहून वाकून राहिले?" ते म्हणाले, "बोललो मी, तर वाकन कोण?"

हे मी इतकं सांगते आहे कारण पुढचं कळायला ते लागतं. काकाजींनी भाव चुकवला, तर काकाजी स्वतः पोछा मारतात. हा त्यांचा कायदा.

गेल्या दिवाळीनंतर ते थोडे बदलले. जागा पाहताना पूर्वी चालता चालता बोलायचे, "इथं चहा, इथं तेल, इथं कोणी टेबल ओढलं," असं चालू असायचं. ते कमी झालं. मला वाटलं वय झालं, सत्तरीला आले. दर रविवारी ते सकाळीच कुठेतरी जायला लागले आणि दुपारी पाठीला हात लावत परत यायचे. काकूजी म्हणायच्या, भजनाला जातात. वत्सलाबाईने एकदा त्यांना दिवाळीनंतरच काम घेतलेल्या धरमपेठेतल्या एका दाताच्या दवाखान्यातून बकेट घेऊन बाहेर येताना पाहिलं. आम्ही बाया हसलो. म्हातारपणी लोक पेपर वाचतात, हे पोछा मारतात, छंद आहे, असं ठरवलं आम्ही. छंदच म्हणायचा, दुसरं काय?

मग ज्या शिकवणी वर्गाची तीन माळ्यांची इमारत आम्ही साफ ठेवायचो ते वर्ग बंद झाले. सहा जणी घरी बसलो, त्यात मी आणि वत्सलाबाईही. काकाजी रोज फोन करत फिरत होते, आणि पंधरा दिवसांनी विमानतळाजवळच्या मिहानमधून बोलावणं आलं. कॉम्प्युटरचं नवं ऑफिस होतं, पाच माळे, आठ दिवसांनी सुरू होणार. एवढी मोठी जागा आम्ही कधी पाहिली नव्हती. सहाही जणींचं भागून वर दोन नव्या बाया लागल्या असत्या.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऑफिसचं सगळं पाहणाऱ्या मॅडम स्वतः दारात आल्या. चांगल्या होत्या. चौकीदाराला नावाने हाक मारली, ते मी ऐकलं आणि काकाजींनीही ऐकलं असणार. मॅडम म्हणाल्या, "काकाजी, मला आजच रेट पाहिजे. तीन जणांनी दिलेत, स्क्वेअर फुटावर. तुमचं नाव बँकेतल्या ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून थांबले आहे."

काकाजींनी बूट काढले. मी पिशवीत घातले. पहिला माळा झाला, दुसरा झाला. त्यांनी पाणी चाखलं, खुर्च्या मोजल्या, काचांवर दुपट्टा फेकला. पण पायाचं काही बोलले नाहीत. तिसऱ्या माळ्यावर भिंतींना सूचनांचे बोर्ड लावायचं काम चालू होतं. तिथून पुढे गेलो आणि मला एक आवाज यायला लागला. टिक. टिक. टिक. मॅडम फोनवर बोलत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मला आधी वाटलं घड्याळ आहे. मग वाटलं कुठे नळ गळतो आहे. पण आम्ही थांबलो की आवाज थांबायचा आणि चाललो की चालू व्हायचा. काकाजींचा उजवा पाय पडला की टिक.

मी मान खाली घालूनच चालते, त्यामुळे पाचव्या माळ्याच्या पायऱ्या चढताना मला दिसलं. त्यांच्या उजव्या टाचेत बोर्डाला लावायची पितळी पिन घुसली होती. अख्खी. नुसतं डोकं बाहेर, चकचकीत. आणि काकाजी त्याच टाचेवर जोर देऊन चालत होते, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती.

सणावाराला मी कितीदा त्यांच्या पाया पडले असेन. पण पाया पडताना तळपाय कुठे दिसतात?

मला सगळं एकदमच कळलं. त्यांची शुगर, घरात बोलतात ती. चालताना गप्प राहणं. दाताचा दवाखाना. तो भाव चुकला होता, आणि काकाजी रविवारी तो स्वतः फेडत होते. मी माझी चप्पल काढली आणि पिशवीत त्यांच्या बुटांशेजारी ठेवली. फरशी दिसायला आरशासारखी होती. पण पायाला लागली ती खळ दिलेल्या कापडासारखी. ताठ, कोरडी, किंचित चरचरणारी. ही सिमेंटची साय. नवीन फरशी बसवल्यावर फटीत भरलेलं सिमेंट वर पसरतं आणि कोणी नीट धुतलं नाही तर तसंच सुकतं. दिव्याखाली दिसत नाही. ओला पोछा मारला की नाहीशी होते, वाळलं की पुन्हा पांढरी उमटते. ती काढायला प्रत्येक फरशी गुडघ्यावर बसून अॅसिडने घासावी लागते. आणि पाचही माळ्यांवर हीच फरशी होती.

तेवढ्यात काकाजी मॅडमना म्हणाले, "नवीकोरी फरशी आहे तुमची, गुळगुळीत. लय त्रास नाही द्यायची." आणि ते जिन्याकडे वळले.

पाच माळ्यांचा जिना किती छोटा असतो ते मला त्या दिवशी समजलं. काकाजी पुढे, मॅडम त्यांच्या बरोबर, मी मागे. टिक, टिक, टिक. शेवटच्या पायरीवर ते भाव सांगणार. सांगितला की बदलणार नाहीत. कमी सांगणार, कारण गुळगुळीत फरशीचा सांगणार. मग आम्ही आठ जणी पुरणार नाही, आणि नववी बाई म्हणून हे उद्यापासून इथे गुडघ्यावर बसणार, या पायांनी, अॅसिडमध्ये. आणि भाजलेलंही कळणार नाही. हे मी कोणाला सांगू? परक्या बाईसमोर, सासऱ्याला, त्यांच्याच कामात तुम्ही चुकलात म्हणून? आमच्या घरात मी त्यांच्यासमोर भाजीत मीठ कमी आहे एवढंही कधी म्हटलं नव्हतं.

खालून पाचवी पायरी आली तशी मी भिंतीला घासून पुढे झाले आणि त्यांचे बूट त्यांच्या पुढच्या पायरीवर ठेवले. ते थांबले. भाव सांगायच्या आधी बूट मी कधीच देत नाही. मी खाली बसले, बूट घालायला म्हणून त्यांचा उजवा पाय हातात घेतला आणि पिन उपसली. त्यांनी ती माझ्या बोटांत पाहिली. मी वर पाहिलंच नाही. पायरीकडे पाहूनच म्हटलं, "काकाजी, सिमेंट आहे. साय. पाचही माळ्यावर."

मॅडमनी विचारलं, "काय झालं?" काकाजी माझ्या उघड्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी वाकून माझ्या हातातली पिशवी घेतली. मॅडमना म्हणाले, "मॅडम, जागा एक डाव पुन्हा पाह्यतो. आता सूनबाई चालन. माहे पाय आता सुट्टीवर आहेत."

आम्ही पुन्हा वर गेलो. टाचेला मी माझा रुमाल बांधला होता, त्यावरून बूट चढवले होते. ते पिशवी धरून मागे, मी पुढे. त्यांनी बारीक आवाजात विचारायचं, "इथं कसं लागते?" आणि मी सांगायचं. खळीसारखं. इथे भाकरीच्या पिठासारखं. इथे खिडकीपाशी नुसती धूळ आहे, साय नाही. न्हाणीघरासमोर तेल नाही, साबणच वाळला आहे. पाचव्या माळ्यावर आम्ही दोघांनी मिळून आकडा काढला. पहिले दोन महिने साय निघेपर्यंतचा वेगळा, नंतरचा त्याहून बराच कमी. मला वाटलं माझं काम संपलं. पण शेवटच्या पायरीवर ते आले, दुपट्टा नीट केला आणि म्हणाले, "सांग वं."

मी सांगितला. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमना दोनदा विचारावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांचा फार होतो. बाकीच्यांनी तर फुटाला..."

"फूट कोणी पुसत नाही, मॅडम," मी म्हटलं. कसं म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. "तुम्ही चप्पल काढून पाहा."

मॅडमनी भिंतीला हात टेकून एक सँडल काढली आणि पाऊल फरशीवर ठेवलं. बोटं हलवली. मग दुसरी सँडल काढली. "अरे," त्या म्हणाल्या, "पूजेच्या दिवशी अनवाणी होते, तेव्हा मला वाटलं माझेच पाय कोरडे पडलेत."

काम आम्हाला मिळालं. चहा आला, आणि काकाजींनी तो घेतला.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "दिवाळीपासून. डावा आधी गेला. उजवा खोटं बोलत राह्यला काही दिवस." मग म्हणाले, "काकूले सांगू नको." मी म्हटलं, "डॉक्टरकडे येता का मग?" एका दिवसात दुसऱ्यांदा मी त्यांना अडवलं होतं. ते म्हणाले, "आता तू भाव करून राहिली का वं माह्यासोबत?" पण आले. दवाखान्यातल्या बाईंनी पायांवर कापसाचा बोळा फिरवून विचारलं, लागतं का? काकाजी विचार करून म्हणाले, "पाह्यल्यावर लागते."

आता जागा पाहायला मी चालते. ते जाड तळाचे बूट घालून दारातल्या चौकीदाराच्या स्टुलावर बसतात, माझी चप्पल पिशवीत घालून मांडीवर धरतात, आणि चौकीदाराला खर्ऱ्याचे दुष्परिणाम सांगतात. मी शेवटच्या पायरीवर आले की उठून उभे राहतात. भाव मी सांगते. माझा आवाज अजून मोठा नाही, पण दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. येताना बसमध्ये मात्र त्यांना सगळं हवं असतं. आकडा नको असतो. कुठे कसं लागलं, ते. ग्रॅनाइट थंड होतं की गार? गालिचा ओलसर होता का? चुकून 'चांगली होती फरशी' असं म्हटलं की रागावतात. "चांगली म्हणजे काय? सांग नीट."

परवा काकूजींनी अंगण सारवलं. शहरात आता कोण सारवतं, पण आमच्या वस्तीत अजून चार-सहा अंगणं आहेत. मी चहा घेऊन गेले तेव्हा काकाजी ओट्यावर बसले होते, पाय अंगणात सोडून. बूट बाजूला होते. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून सांगितलं आहे, म्हणून ते चालत नव्हते, नुसतं टेकवून बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उतर बरं खाली. सांग."

मी चप्पल काढून उतरले. इथे कोणाला भाव सांगायचा नव्हता, तरी मी हळू चालले, ते चालायचे तशी. कडेला वाळलं होतं, मधे अजून ओल होती. मी म्हटलं, "कडेला पापडासारखं आहे. मधे गार आहे, मऊ, पायाखाली थोडं दबतं. काकूजींची बोटं फिरलेली लागतात. अर्धे गोल गोल."

त्यांनी डोळे मिटले होते. चहा गार होत होता.

"हो," ते म्हणाले. "तसंच लागे."